आधी पाणी काढा, मग मुरूम टाका

कापूस वेचणीला आला की गावोगाव एकच ओरड होते : शेतापर्यंत गाडी येत नाही. बैल चिखलात फसतात, ट्रॅक्टरवाला जादा भाडे मागतो, नाहीतर गाठोडी डोक्यावर वाहून सडकेला आणावी लागतात. हा खर्च व्यापारी सोसत नाही, सरकार सोसत नाही. तो शेतकऱ्याच्या पदरच्या भावातून वजा होतो. म्हणून पांदणीचा प्रश्न हा भावाचाच प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

यावर ठरलेला इलाज म्हणजे मुरूम. टिप्पर येतात, ढीग ओततात, वरवर पसरतात, बिल निघते. पहिल्याच पावसाळ्यात मुरूम काळ्या मातीच्या पोटात जातो. कारण उघड आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. मग वरून चाक दाबते तसा मुरूम खाली जातो आणि चिखल वर येतो. तेव्हा रस्त्याचा खरा वैरी साचलेले पाणी आहे.

पाणी निघायचे तर रस्ता मधोमध उंच हवा. १२ फूट रुंदीला मध्य कडेपेक्षा ३ ते ३.५ इंच उंच असावा. दोन्ही बाजूंच्या नाल्या कडेपेक्षा फूटभर तरी खोल हव्यात आणि त्या नाल्याला किंवा ओढ्याला जाऊन मिळायला हव्यात. शेतात शिरण्यासाठी नाली बुजवू नये, तिथे पाइप टाकावा.

दुरुस्तीही रोग पाहून करावी. चाकोऱ्या खोल पडल्या तर त्यात काळी माती लोटू नये; चिखल काढून मुरूम भरावा व मधला उंचवटा पुन्हा धरावा. खड्ड्यातले पाणी उपसावे, कडा उभ्या छाटाव्यात, ओलसर मुरूम थराथराने धुमसाने ठोकून किंचित वर राखावा. उन्हाळ्यात पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात त्या सुट्या, कोरड्या मुरमावर भरधाव गाड्या गेल्याने. नुसत्या खाचा भरल्या तर लाटा परत येतात. खाचेच्या तळापर्यंत खरवडून, पाणी मारून, रोलर फिरवावा लागतो. मुरूमही पारखून घ्यावा : नुसते खडे बांधले जात नाहीत आणि मातकट मुरमाचा राडा होतो. ओला करून मुठीत दाबला की त्याचा लाडू वळला पाहिजे.

नाल्या मृगाआधी साफ कराव्यात. मुरमाचे काम पाऊस उघडल्यावर, ओल असताना, वेचणीच्या आत उरकावे. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून कोरड्यात ओतलेला मुरूम धुळीबरोबर उडून जातो.

वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याची वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, यापुढे गावात मुरमाचे काम झाले की दोरी आणि टेप घेऊन रस्त्यावर जा. मध्य उंच आहे का, नाली वाहते का, पाणी मारून रोलर फिरला का, हे तपासा. नसेल तर ते काम पुरे झाले असे ग्रामसभेने म्हणू नये आणि बिल निघू देऊ नये. हा ठराव प्रत्येक गावाने करावा, असे आमचे आवाहन आहे.