आधी विचारा, मग खिळा ठोका

लग्नाच्या हॉलची सजावट हा काही फौजी माणसाने मत मांडायचा विषय नाही, असं आमच्या सौ.चं म्हणणं. पण वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी जेवढे हॉल सजवून घेतलेत, तेवढे एखाद्या डेकोरेटरनेही सजवले नसतील. रेझिंग डे असो की बडा खाना, आमचा साचा ठरलेला. छताला जुन्या पॅराशूटचं कापड, वाटेच्या कडेला गेरू-चुना, पितळी शेल केस ब्रासोने चकाकवून त्यात फुलं. फटीग पार्टी लावली की चार तासांत हॉल तयार. कुणाला काही विचारायची गरज पडत नाही. शिलाँगला याच सवयीने माझी फजिती केली.

मी तिथे पोस्टिंगवर होतो. पलटण दूर पश्चिम सीमेवर. एक दिवस सीओ साहेबांचा फोन आला. पंधरा वर्षांपूर्वी कामी आलेल्या आमच्या एका खासी हवालदाराच्या मुलीचं लग्न होतं. चर्चमधला विधी घरचे बघतील, रिसेप्शनचा हॉल पलटणीतर्फे सजवायचा. एप्रिलचा शेवट, शिलाँगचा पाऊस, त्यामुळे उघड्यावर काही करायचा प्रश्नच नव्हता. वस्तीतला पत्र्याच्या छताचा कम्युनिटी हॉल ठरला होता.

मी कामाला लागलो. एका डेकोरेटरला बोलावलं. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. स्टेजमागे पांढऱ्या फुलांनी मढवलेलं माणसाहून उंच लोखंडी गोल कडं, तसलीच दोन लहान कडी दाराशी. हल्ली सगळीकडे हीच फॅशन आहे म्हणाला. ख्रिश्चन लग्न म्हणजे पांढरं, एवढं ज्ञान मलाही होतं. मी मान डोलावली. वर माझ्या दोन सूचना. टेबलांवर आमच्या शेल केस, आणि स्टेजवर वडिलांचा मोठा फोटो, हार घालून.

लग्नाच्या आदल्या दुपारी मुलीची आई हॉल बघायला आली. तिकडे थोरल्या बाईला आदराने ‘कोंग’ म्हणतात, मीही तेच म्हणायचो. तिने सगळं पाहिलं, ‘खुबलेई’ म्हणजे धन्यवाद म्हणाली आणि गेली. संध्याकाळी मुलीचा मामा आला. खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि घरच्या महत्त्वाच्या गोष्टीत मामाचा शब्द मोठा. त्याने आधी मला क्वाई दिली. क्वाई म्हणजे सुपारी, चुना लावलेलं पान. तिच्याशिवाय तिकडे बोलणं सुरू होत नाही. मग हळूच म्हणाला, “साहेब, ती काही बोलणार नाही. पण ते गोल काढता आलं तर बघा. तसलंच गोल तुम्ही लोकांनी पेटीवर ठेवलं होतं.”

पुष्पचक्र. ते वाहणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा कॅप्टन होतो. त्या बाईच्या अंगणात पांढऱ्या फुलांचं कडं दोन्ही हातांनी धरून उभा राहिलेला माणूस पंधरा वर्षांनी तिच्या मुलीच्या लग्नात तसलीच तीन कडी उभी करत होता, आणि त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पितळी शेल केसचं कुणी काही म्हणालं नाही, पण तो तोफगोळ्यांच्या माऱ्यातच गेला होता. त्या मी न सांगता उचलल्या.

रात्री मामाला विचारलं, तुम्ही कसं केलं असतं? उत्तर सोपं होतं. शेजारच्या बायका घरच्या बागांतल्या लिली घेऊन आल्या. पोरांनी नेचे आणले, पाइनच्या फांद्या आणल्या. बांबूची साधी चौकट उभी राहिली. दाराशी फुलांच्या जागी क्वाईचं टेबल. वडिलांचा फोटो वीतभर, घरच्यांच्या टेबलावर, हाराविना. कोंगनेच तो तिथे ठेवला.

फौजी माणूस म्हणून माझ्या वाट्याला जे उरलं, ते मी केलं. डेकोरेटरने पडद्याआड घातलेलं मागचं दार मोकळं केलं. बंद हॉलमध्ये दोनशे माणसं आणि एकच वाट, हे कुठल्याही लग्नात चालू देऊ नये. मेणबत्त्या काचेच्या चिमण्यांत घातल्या आणि कापडापासून लांब ठेवल्या. ट्यूबलाइट विझवून पिवळे दिवे लावले, कारण ट्यूबच्या उजेडात पांढरं फूल निळसर आणि माणूस आजारी दिसतो. टेबलावरची फुलं बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली ठेवली, म्हणजे समोरचा दिसतो. पाऊस आला तेव्हा पत्र्यावर असा आवाज झाला की पाद्रीसाहेबांना प्रार्थना मध्येच थांबवावी लागली. सगळे हसले. नवरीही.

आता माझं मत. पांढरं म्हणजे ख्रिश्चन, हा हिशेब आपण सिनेमातून उचललेला आहे. नवरीच्या पांढऱ्या झग्याची चाल 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नानंतर पसरली. खासी डोंगरात वेल्श मिशनरी थॉमस जोन्स पोहोचला 1841 मध्ये. दोन्ही गोष्टी तिथल्या लोकांनी आपल्याशा केल्या, पण क्वाई सोडली नाही. आपल्या वसईतही चर्चमधल्या लग्नाआधी उंबराचं पाणी आणतातच. प्रत्येक घराचा पांढरा रंग वेगळा असतो, आणि कुठला शुभ नि कुठला जखमेचा, हे त्या घरालाच ठाऊक.

दुसरं, पलटणीसाठी. वीरनारीच्या घरचं कार्य आपण उचलतो, ही आपली चांगली परंपरा आहे. पण उचलता उचलता ते आपलं फंक्शन करून टाकतो. आपला बॅनर, आपला बँड, आपला फोटो. त्या घराने दुःखाच्या दिवशी आपली शिस्त निमूटपणे सोसली. आनंदाच्या दिवशी तरी तिथे त्यांचा हुकूम चालू द्यावा.

आणि जे जवान आज एएफपीपी फंडातून पैसे काढून बहिणीच्या, मुलीच्या लग्नाचा हॉल सजवतात, त्यांना एवढंच सांगतो. डेकोरेटरची फुलं दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये भरून पुढच्या लग्नाला जातात. ते पैसे पोरीच्या हातात द्या. फुलं शेजारी आणतील. त्यांना फक्त एकदा विचारावं लागतं.

ती लोखंडी कडी मी रात्रीच हॉलबाहेर काढून ठेवली होती. सकाळी कोंगने ती बघितली, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून काढून एक क्वाई माझ्या हातावर ठेवली.