जुन्या मशीनला जामीन कोण?

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ती सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. बैल घेणारा शेतकरी तिथे नुसता रंग पाहत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावलं चालवून घेतो. जाणता बैल घेण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. न पारखता घेण्यात वाटतो.

यंत्रांच्या बाबतीत मात्र ही पारख आपण गमावून बसलो आहोत. घरगुती स्वेटर विणायच्या मशीनचंच पाहा. शाळेच्या स्वेटरांच्या ऑर्डरी घेऊन कित्येक बायकांनी त्यावर संसाराला हातभार लावला. पुढे लुधियानाचा तयार माल स्वस्त झाला आणि मशीन माळ्यावर गेलं. ‘ब्रदर’ या जपानी कंपनीने तर विसाव्या शतकाच्या अखेरीस ही मशीन बनवणंच थांबवलं. आता ती भंगाराच्या भावात निघतात.

पण ती खरंच भंगार असतात का? इंग्लंडात विल्यम ली याने विणयंत्र केलं १५८९ साली. सुईच्या आकड्याला उघडझाप करणारी जिभली बसली एकोणिसाव्या शतकात. घरगुती मशीनच्या २०० सुयांत आजही तीच युक्ती आहे. सुया दाबून धरणारी स्पंजची पट्टी वर्षानुवर्षांनी चपटी होते, सुया वर उचलल्या जातात, टाके गळतात आणि घरचे म्हणतात, मशीन गेलं! गेलेली असते ती पट्टी. ती बदलावी, चिकटलेलं जुनं तेल रॉकेलने पुसून हलकं मशीन-तेल द्यावं, वाकड्या सुया तेवढ्या बदलाव्यात. मात्र सुयांचा पाटच वाकला असेल, तर फुकटही घेऊ नये.

बँकेत असताना अनुदानाची कर्जप्रकरणं मी पुष्कळ पाहिली. कागद लागे तो नव्या मशीनच्या कोटेशनचा. दुरुस्ती करून देणाऱ्या कारागिराच्या चिठ्ठीला फॉर्मात रकानाच नसे. २०२३ साली आलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंप्याला अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे, हे चांगलंच झालं. पण तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिलाई वा विणकामाचं मशीन दुरुस्त करणारा नाही.

कुणी म्हणेल, सुटे भाग कुठून आणायचे? दोन मेलेल्या मशीनांतून एक जिवंत होतं, हे उत्तर पुष्कळदा पुरतं. आमच्याकडे स्वेटर घालतो कोण, हा प्रश्न मात्र रास्त आहे. माळशेजच्या पायथ्याला पौषात थंडी पडते, पण चार महिन्यांच्या कामावर बारा महिन्यांचा हप्ता फिटत नाही. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग मशीन. आणि म्हणूनच मशीन जुनं, स्वस्त, बिनकर्जाचं असावं.

बचत गटांनी गावातल्या दोघी-तिघींना दुरुस्तीचं काम शिकवावं आणि बँकांनी दुरुस्तीला चार पैसे द्यावेत. नव्या मशीनचं उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. दुरुस्त झालेल्या मशीनचा फोटो येत नाही; घरात पैसे मात्र येतात.