पाठीमागचा तट

जर्मनीच्या समुद्रकाठच्या गावांत एके काळी पांढऱ्या अस्वलाचे सोंग घेतलेला माणूस सुटीवर आलेल्या कुटुंबाशेजारी उभा राही आणि फोटोग्राफर पैसे घेऊन फोटो काढी. ते फोटो आता हौशी मंडळी जमवतात. त्यांची पुस्तकेही निघाली.

आमच्या पन्हाळ्यावर अस्वल नव्हते, घोडा होता. तीन दरवाजा, सज्जा कोठी, बाजीप्रभूंचा पुतळा या ठरलेल्या जागा. फोटोग्राफर 'हनुवटी वर' म्हणून पाहुण्यांना दटावी, वहीत पत्ता लिहून घेई आणि प्रत टपालाने धाडी. रोलमध्ये फोटो ३६, म्हणून एका कुटुंबाला एक, फार तर दोन. मोबाइलवाल्या नातवंडांना हा चिक्कूपणा वाटेल!

माझी नजर मात्र माणसांच्या पाठीमागे जाते. तटाचा ढासळलेला कोपरा, बुरुजात रुजलेले झाड, दुरुस्तीपूर्वीचे चिरे हे सारे तिथे नकळत टिपले गेले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत पन्हाळा आहे. पण गड चाळीस वर्षांपूर्वी कसा होता, याचा पुरावा कोल्हापूर-सांगलीच्या कपाटांत, चिकट पानांच्या अल्बमांत बुरशी खातो आहे. नगरपरिषदेने किंवा शिवाजी विद्यापीठाने हे फोटो मागवावेत, प्रती काढाव्यात आणि मूळ फोटो परत करावेत. खर्च तो कितीसा?

तोवर घरच्यांनी फोटोच्या पाठीवर साल आणि जागा तेवढी लिहावी. पेन्सिलीने, बॉलपेन पुढे उमटते.