गाडीवरचे बिऱ्हाड



नागपुरात आमच्या वस्तीच्या नाक्यावर सकाळी सहाला उभे राहिले की हिंगणा एमआयडीसीकडे पहिल्या पाळीला निघालेल्या मोटारसायकली एकामागून एक जाताना दिसतात. कुणाच्या हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी, कुणाच्या टाकीवर पोरगे आणि पोराच्या पाठीवर दप्तर, मागे त्याची आई आणि आईच्या मांडीवर दळणाचा डबा. रविवारी त्याच गाडीवर कॉटन मार्केटचा भाजीपाला असतो आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रेशनचे पोते. गाडी घेताना आपण चार दुकाने फिरतो, ॲव्हरेज विचारतो, हप्ता किती बसेल ते विचारतो. पण या गाडीवर रोज काय काय न्यायचे आणि ते कशात न्यायचे, हे काही ठरवत नाही. हाताला लागेल ती पिशवी हँडलला अडकवली की झाले. आम्ही स्वतः वीस वर्षे हेच करीत आलो. तेव्हा आजचे हे लिहिणे चुकलेल्या माणसाची कबुली म्हणून वाचावे.

२०१९ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका कामगार बंधूच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळण्याचा योग आला होता. घरात अर्ज भरू शकेल असे कोणी नाही, म्हणून त्यांनी सगळे मूळ कागद आमच्या हवाली केले. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. आम्ही ऑफिसात बसून अर्ज भरला, झेरॉक्स काढल्या आणि संध्याकाळी कागद परत घेऊन निघालो. बॅग आमची काळ्या रेग्झिनची, आठवडी बाजारातली. विकणाऱ्याने 'एक थेंब आत गेला तर पैसे परत' अशी छातीवर हात ठेवून हमी दिली होती. बॅगेचा पट्टा गळ्यात आणि बॅग टाकीवर. वाटेत पावसाने गाठले. आम्ही रेनकोट चढवला. बॅग वॉटरप्रूफ आहे म्हणून तशीच राहू दिली.

घरी येऊन बॅग उघडली, तर आत पेलाभर पाणी साचलेले. रेग्झिनमधून पाणी आले नव्हते, हे खरे. ते आले शिवणीतून आणि चेनीतून. आमच्या रेनकोटावरून ओघळणारे सगळे पाणी नेमके चेनीवर पडत होते. आणि एकदा आत गेलेले पाणी रेग्झिन बाहेर पडू देत नाही, बादलीसारखे धरून ठेवते. गुणपत्रिका वाळल्या. जातीचा दाखला कसाबसा वाचला. पण शाळा सोडल्याचा दाखला निळ्या शाईने हाताने भरलेला होता. जन्मतारखेच्या जागी नुसता डाग राहिला.

त्या बंधूंनी कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "वल्ला झाला न भाऊ. जाऊ द्या, पाऊस का आपल्या हाती हाय?" ते रागावले असते तर बरे झाले असते. मुलगी काही बोलली नाही. पंख्याखाली वर्तमानपत्र अंथरून एकेक कागद पसरत बसली होती. पुढे शाळेत तीन चकरा झाल्या, अर्ज झाला, प्रतिज्ञापत्र झाले आणि प्रवेशाची शेवटची तारीख दोन दिवसांवर असताना दाखल्याची दुय्यम प्रत हाती आली. आज ती मुलगी नोकरीला लागली आहे. कागद मात्र ती झाकणाच्या स्टीलच्या डब्यात गुंडाळून ठेवते आणि कुठे न्यायचे असले की डब्यासकट नेते. आम्हाला पाहून ठेवते असे नाही, पण आमच्या नजरेला तो डबा पडतोच.

त्या दिवसानंतर आम्ही या विषयात लक्ष घातले. शिक्षण बी. कॉम. असल्यामुळे सुरुवात हिशेबापासून केली.

गाडीबरोबर एक पुस्तक मिळते. ते आपण आर.सी.च्या कागदासोबत कपाटात ठेवून देतो. त्यात गाडीने एकूण किती वजन वाहावे हे दिलेले असते आणि त्यात चालवणाराही धरलेला असतो. आमच्या शंभर सीसी गाडीच्या पुस्तकात हा आकडा १३० किलो आहे. आमचे वजन ७२, आमच्या सहचारिणीचे ५६. बेरीज १२८. शिल्लक दोन किलो! दोन किलोत जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली बसते, दहा किलो दळण बसत नाही. सहचारिणींना हा हिशेब दाखवला, तर त्या म्हणाल्या, "अहो, मग तुम्हीच पाच किलो कमी करा की." असो. रस्त्यावर हा आकडा कोण पाळतो, असे आपण विचाराल. कोणी नाही. आम्हीही दर वेळी पाळत नाही. पण दोघे बसले असताना सामान म्हणजे वरचा बोजा, एवढे तरी ठाऊक असावे. त्यातच घरगुती सिलिंडर आला. आत गॅस १४.२ किलो आणि लोखंड जवळपास तितकेच, म्हणजे भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा. तो मांडीवर घेऊन मागे बसलेल्या भगिनी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तिचा हात सिलिंडर धरण्यात गुंतलेला असतो. मग खड्डा आला की ती स्वतः कशाला धरणार?

मागच्या चाकातल्या हवेचेही दोन आकडे दिलेले असतात, एकट्यासाठी कमी आणि दोघांसाठी जास्त. सामान रोजचे असेल तर हवा दुसऱ्या आकड्याप्रमाणे भरावी. पुष्कळ गाड्यांत मागच्या शॉकअबला खाचांची कडी असते, ती मेकॅनिककडून एक-दोन खाचा घट्ट करून घ्यावी. त्याला वेळ लागत नाही.

आता हँडलची पिशवी. ही सवय सुटणे सर्वांत अवघड, कारण ती फुकट आणि सोपी आहे. पाच किलो भाजी डाव्या मुठीला लटकवली की हँडल सतत डावीकडे ओढ घेते. सरळ रस्त्यावर हात ते सांभाळून घेतो, पण समोर अचानक कुत्रे आडवे आले की वळवायला गेलेले हँडल पिशवी टाकीला अडून अर्ध्यावरच थांबते. कधी पिशवीचा बंद क्लचच्या किंवा ब्रेकच्या दांडीत अडकतो. स्कूटरवाल्या भगिनींना पुढे हूक असतो, त्याचा उपयोग जरूर करावा, पण पिशवी पायांत येऊ देऊ नये.

पाठीवरची सॅक तरुण मुलांना आवडते. एकट्याने जायचे आणि आत डबा, रेनकोट, एखादे पुस्तक एवढेच असेल तर ती चांगलीच. फक्त पट्टे आखूड करून सॅक पाठीला चिकटून असावी आणि पट्ट्यांची लोंबती टोके आत खोचलेली असावीत. मागे कोणी बसणार असेल तर मात्र ती सॅक त्याच्या छातीला लागते आणि तो मागे सरकत सरकत सीटच्या टोकाला जातो. मागे बसणाऱ्याने पाठीवर सॅक घेतली तर आणखी वाईट, कारण गाडी उचल घेताच ती त्यालाच मागे ओढते.

उरते गाडीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडपिशवी. आपल्या आजोबा-पणजोबांना ही नवी नव्हती, त्या काळी खांद्यावर टाकायची पडशी असे, तीच ही. वजन खाली राहते, दोन्हीकडे सारखे वाटले जाते आणि हात-पाय मोकळे. हल्ली दुकानांत लांबच्या सहलींसाठी देखण्या जोडपिशव्या मिळतात. आम्ही एक आणून पाहिली. सहचारिणी बसायला आल्या आणि घोटाळा लक्षात आला. या पिशव्या करणाऱ्याने गृहीत धरले आहे की मागचा माणूस दोन्हीकडे पाय टाकून बसेल. आपल्या घरच्या बायका साडीत एका बाजूला बसतात. पाय डावीकडे आणि तिथेच पिशवी! पाय ठेवायची पट्टीच पिशवीखाली झाकली गेली.

दुकानदाराने लगेच उपाय सुचवला, "साडीगार्ड काढून टाका, पिशवी आत सरकेल." तीच गोष्ट साइड डिक्की बसवणारे कारागीरही सांगतात. वाचकहो, ही गोष्ट कदापि करू नका. मागचे चाक निदान अर्धे झाकेल असे संरक्षण गाडीला असलेच पाहिजे, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाणार नाहीत, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेले आहे. तीच जाळी एका पिशवीसाठी काढायची? पदर किंवा ओढणी तारांत गेली की माणूस क्षणात मागे खेचला जातो आणि ओढणी गळ्याभोवती असेल तर बोलायला नको. पिशवीचा मोकळा पट्टा गेला तर चाक जागेवर बसते. आम्ही ती जोडपिशवी परत केली. पैसे पूर्ण मिळाले नाहीत.

शेवटी सीटकव्हर शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. गाडी त्याच्या दुकानासमोर उभी केली आणि सहचारिणींना त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने मागे बसवले. त्या बसलेल्या असताना त्याने मापे घेतली. डावीकडे काहीच नाही, तिथे त्यांचे पाय आणि साडीगार्ड. उजवीकडे ताडपत्रीच्या कापडाची एक अरुंद पिशवी, खाली सळईच्या चौकटीवर टेकलेली. चौकट अशासाठी की आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. त्याला नायलॉन टेकले तर वितळते आणि आतल्या डब्यातली भाजी दुसऱ्यांदा शिजते. एकाच बाजूला असल्याने या पिशवीत आम्ही हलक्याच वस्तू ठेवतो: रेनकोट, डबा, पुसायचे फडके. खर्च दुकानातल्या जोडपिशवीपेक्षा पुष्कळ कमी आला आणि शिवण उसवली तर तो कारागीर जवळच आहे.

मागच्या कॅरिअरवर पेटी बसवायची असेल तर २०२० साली केंद्र सरकारने घातलेले माप ध्यानात ठेवावे. लांबी ५५ सेंटिमीटर, रुंदी ५१ आणि उंची ५०, यापेक्षा मोठी पेटी नको. पेटी मागच्या सीटच्या जागेवर असेल तर त्या गाडीवर चालवणाऱ्याशिवाय दुसऱ्याने बसायचे नाही. घरोघरी जेवण पोचवणारी आपली मुले अशा पेट्या घेऊन फिरतात, त्यांनी सुट्टीच्या दिवशी बहिणीला मागे बसवण्याआधी पेटी उतरवावी. पेटी पक्की असली तरी जड वस्तू तिच्यात नकोत. वजन जितके मागे आणि जितके उंच, तितके पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात थरथरू लागते. दीक्षाभूमीवरून दरवर्षी ग्रंथांचे गठ्ठे कॅरिअरवर बांधून नेणाऱ्यांना हा अनुभव असेल. पुस्तके दिसतात लहान, भरतात दगडासारखी. एकट्याने जायचे असेल तर गठ्ठा कॅरिअरवर न बांधता सीटवर, आपल्या पाठीला लागून बांधावा.

बांधायला हुकांचे लवचीक पट्टे मिळतात. ओढून लावताना हूक निसटला तर थेट डोळ्यावर येतो. त्यापेक्षा पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूबचे लांब काप मिळतात, ते बरे. दोन वेढे, गाठ, आणि टोक आत.

राहिला पाऊस. नवी पिशवी घेतली की तिच्यात वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद भरावे, तोंड बंद करावे, अंगणात ठेवून शिवणीवर आणि चेनीवर बादलीभर पाणी तांब्याने सावकाश ओतावे. मग कागद काढून हाताने चाचपावे. दुकानदाराच्या हमीपेक्षा ही परीक्षा खरी. चेनीपेक्षा, तोंड दोन-तीनदा गुंडाळून वरून बकल लावायची पिशवी पाण्याला चांगली टिकते. आणि कागद कोणत्याही पिशवीत असोत, आधी बटणाच्या प्लास्टिक फाइलमध्ये, मग जाड प्लास्टिक पिशवीत तोंड दुमडून, मग आत. मूळ कागद नेण्याचे कारण नसेल तर झेरॉक्सच न्यावी. आम्ही आता दुसऱ्याचे मूळ कागद पावसाळ्यात गाडीवर घेत नाही. ज्याचे त्याने घेऊन यावे, आम्ही ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बसून अर्ज भरून देतो. काही जण याला आमचा आळस म्हणतात.

टाकीवर बसवलेल्या लहान मुलांच्या दप्तराचे काय करावे, हा प्रश्न आम्हाला अजून नीट सुटलेला नाही. मूल पुढे आणि दप्तर त्याच्या पाठीवर, म्हणजे चालवणाऱ्याचा हात आखडतो; दप्तर उजवीकडच्या पिशवीत मावत नाही. कोणा वाचकाने यावर काही युक्ती केली असेल तर मापांसकट पत्राने कळवावे. पुढील अंकात जागा मिळाल्यास छापू.