ढाणकीचा युरिया आणि गोदावरीचे मुख

मृगाच्या वा आर्द्राच्या पावसावर पेरलेली कपाशी महिनाभराची झाली की उमरखेड तालुक्यातील ढाणकीच्या शिवारात युरियाची मात्रा दिली जाते. पैनगंगेच्या खोऱ्यात पावसाचा जोर असतो तोही याच दिवसांत. युरियातील नत्राचे जमिनीत काही दिवसांतच नायट्रेट होते आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही; ते पाण्याबरोबर चालू लागते. स्फुरद चिकणमातीला चिकटते व वाहते ते मातीसकट. दिलेल्या नत्रापैकी निम्मेदेखील अनेकदा पिकाच्या पदरात पडत नाही. उरलेल्यातले काही हवेत जाते, काही विहिरींत उतरते आणि काही ओढ्यानाल्यांवाटे पैनगंगेत.

तेथे ते थांबत नाही. सहस्रकुंडाचा कडा उतरून पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. गोदावरीला सर्वाधिक पाणी पुरविणारी उपनदी हीच. समुद्र न पाहिलेल्या ढाणकीच्या शेतकऱ्याचा बंगालच्या उपसागराशी असा रोजचा व्यवहार आहे.

या व्यवहाराचा हिशेब वनस्पतिप्लवक ठेवतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, पाण्याबरोबर तरंगणाऱ्या या वनस्पती पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा भार वाहतात; किनाऱ्यावरच्या मासेमारीचा पायाही त्याच. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये जे सूत्र पुढे आणले, त्यानुसार प्लवकांना स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे साधारण १६ अणू लागतात. त्यांतील करंडक वनस्पतींना सिलिकाही जवळपास नत्राइतकीच हवी असते, कारण त्यांचे कवच सिलिकेचे असते. मासळीच्या दृष्टीने मोलाच्या त्याच. नत्र भरपूर आणि सिलिका अपुरी झाली, की त्यांची जागा अन्य प्लवक घेऊ लागतात. त्यांतील काही विषारीही असतात.

अन्नद्रव्ये आली म्हणजे प्लवक वाढलेच, असेही नाही. ऐन पुरात गोदावरीचे पाणी इतके गढूळ असते की प्रकाश खोल जात नाही, आणि वेग असा की प्लवकांना पाय रोवायला सवडच मिळत नाही. समुद्रात पोहोचलेले गोडे पाणी हलके असल्याने वर पसरते व खालच्या खाऱ्या, पौष्टिक पाण्याला वर येऊ देत नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातील शास्त्रज्ञांना प्लवकांचा बहर आढळला तो विसर्ग ओसरून पाणी निवळू लागल्यावर. बहर संपला की मेलेले प्लवक तळाशी कुजतात आणि पाण्यातील प्राणवायू खातात. आधीच प्राणवायूची टंचाई असलेल्या उपसागराला हे परवडणारे नाही.

आता यात धरणे आली. ढाणकीच्या वरच्या अंगाला इसापूर, गोदावरीवर १९७६ चे जायकवाडी, २०१९ चे मेडिगड्डा. धरण गाळ अडविते, आणि संथ जलाशयात करंडक वनस्पती वाढून सिलिका तेथेच तळाशी बसते. नायट्रेट मात्र बऱ्याच अंशी पुढे सरकते. डॅन्यूबवर १९७२ मध्ये आयर्न गेट धरण झाल्यानंतर काळ्या समुद्रातील प्लवकांची घडण बदलल्याचे मत १९९७ मध्ये मांडले गेले. त्यावर वाद झाले; पण प्रश्न खोटा ठरला नाही.

यात शेतकऱ्याला दोषी धरणे सोपे आहे आणि चुकीचेही. २०१० मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांसाठी अन्नद्रव्याधारित अनुदान आले, युरिया मात्र त्यातून वगळला गेला. परिणामी २०२४ मध्ये ४५ किलो युरियाची गोणी सुमारे २६६ रुपयांना, तर ५० किलो डीएपीची १,३५० रुपयांना मिळत होती. कोरडवाहू शेतकऱ्याचा हात कोणत्या गोणीकडे जाईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको! २०१५ मध्ये युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नत्र सुटण्याचा वेग मंदावतो, किमतीतील तफावत मिटत नाही. ती मिटविताना युरियाचे दर एकदम चढविले, तर फटका बसेल तो याच शेतकऱ्याला. म्हणून वाचणारे अनुदान थेट त्याच्या हाती, एकरी हिशेबाने, पेरणीपूर्वी पडले पाहिजे. आणि खत खात्याने विकलेल्या गोण्यांचे आकडे व नदीमुखाशी मोजलेले नायट्रेट आणि सिलिका यांचे आकडे वर्षातून एकदा तरी एकाच कागदावर मांडले पाहिजेत.