पाटी आणि वाटसरू

दुकानाला दार असते, भिंती असतात, छप्पर असते. परंतु दुकानाला वाचा येते ती पाटीमुळे. येथे धान्य मिळते, येथे औषध मिळते, येथे सायकल दुरुस्त होते, हे दुकानदाराने दिवसभर ओरडून सांगण्याऐवजी त्याची पाटी निमूटपणे सांगत असते. परक्या गावी आलेल्या वाटसरूला पाटीसारखा दुसरा मित्र नाही. म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याला वाटते, की आपली पाटी दुरून दिसावी, शेजाऱ्याच्या पाटीहून आधी दिसावी. या इच्छेत वावगे काहीच नाही. पण याच इच्छेपोटी पाटी हळूहळू भिंत सोडते, पुढे सरकते आणि एके दिवशी रस्त्याच्या डोक्यावर येऊन उभी राहते. त्या दिवसापासून ती केवळ दुकानदाराची राहत नाही. ती खालून जाणाऱ्या प्रत्येकाची होते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडचेच उदाहरण घ्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील या डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेवाचे स्थान आहे आणि याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. अशा यात्रेत वाटेच्या दोन्ही अंगांना दुकाने लागतात. बांबू रोवले जातात, कापडी फलक ताणले जातात, पत्र्याच्या पाट्या काथ्याने किंवा तारेने बांधल्या जातात. दुकान चारच दिवसांचे, मग पाटी पक्की कशाला करायची, असा हिशेब मांडणारे असतातच. पण त्या चार दिवसांत पाटीखालून जेवढी माणसे जातात, तेवढी एरवी कित्येक महिन्यांत जात नसतील. तेव्हा खरा हिशेब उलटा आहे. पाटी किती दिवस राहणार, यावर तिची मजबुती ठरवायची नसते. तिच्याखालून किती माणसे जाणार, यावर ती ठरवायची असते.

भिंतीबाहेर आलेली पाटी धोक्याची का ठरते, हे समजण्यासाठी थोडे गणित करू या. भिंतीला सपाट बसवलेली पाटी भिंतीच्या आधाराने असते. पण भिंतीला काटकोनात, एखाद्या पसरलेल्या हातासारखी बाहेर आलेली पाटी आपल्या वजनाने वरच्या बोल्टला भिंतीतून उपसू पाहते. समजा, पाटीचे वजन २० किलो आहे आणि त्या वजनाचा मध्य भिंतीपासून ५० सेंटिमीटर दूर आहे. तिला धरणारे दोन बोल्ट एकाखाली एक, ५० सेंटिमीटर अंतरावर बसवले, तर वरच्या बोल्टवर २० किलोंची ओढ पडते. हेच अंतर २५ सेंटिमीटर ठेवले, की ओढ ४० किलोंची होते. आणि १० सेंटिमीटर ठेवले, तर ती १०० किलोंवर जाते. पाटी तीच, वजन तेच. पण बसवणाऱ्याच्या हातून चार बोटांचा फरक पडला, की भार कित्येक पट वाढतो. तरफेचा हा नियम तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकता. तो केवळ पुस्तकात राहत नाही. तो बाजारात प्रत्येक दुकानावर लटकत असतो.

वजनापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर पाटीवर सुमारे ६ किलोंचा दाब देतो. वेग ७२ किलोमीटर झाला, की हा दाब २४ किलोंवर जातो. वेग १४४ किलोमीटरवर पोहोचला, की तोच दाब ९८ किलोंच्या आसपास जातो. नागपूरसाठी भारतीय मानकाने वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. असे झोत रोज येत नाहीत. पण पन्नास वर्षांत एखाद्या वेळीही आला, तरी बांधकामाने टिकले पाहिजे, असा त्यामागचा विचार आहे. आता मनात आणा, की रस्त्याच्या दिशेने वाहणारा वारा बाहेर आलेल्या पाटीवर सपाट थडकतो आणि तिला दारासारखी फिरवू पाहतो. म्हणून जाणता कारागीर अशा पाटीला केवळ खालून आधार देत नाही. तिला दोन्ही बाजूंनी लोखंडी ताण देतो. वर्षभर शांत दिसणारी पाटी वैशाखाच्या वावटळीत किंवा मृगाच्या पहिल्या वादळात पडते, ती यामुळेच. ती त्या दिवशी पडली असे आपण म्हणतो. वास्तविक ती ज्या दिवशी कच्ची बसवली गेली, त्याच दिवशी पडू लागलेली असते.

मनुष्याने हा धडा फार जुन्या काळापासून गिरवला आहे. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडन शहरातील दुकानांवर मोठमोठ्या पाट्या असत. पुष्कळ लोकांना वाचता येत नसे. म्हणून पाटीवर सिंह, घंटा, मासा अशी चित्रे रंगवीत, आणि ती जड लोखंडी दांड्यांवर थेट रस्त्यावर टांगीत. इ. स. १६६६ च्या महाआगीनंतर, पाट्या रस्त्यावर आडव्या टांगू नयेत, त्या इमारतीला लगत बसवाव्यात, असा नियम करण्यात आला. पण तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. पुढे १७१८ मध्ये ब्राइड लेन नावाच्या गल्लीत एका जड पाटीच्या ओढीने घराची दर्शनी भिंतच खाली आली आणि चार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरही चाळीसहून अधिक वर्षे गेली. १७६१ मध्ये पॅरिसमध्ये आणि १७६२ पासून लंडनमध्ये पाट्या भिंतीला सपाट लावण्याची सक्ती सुरू झाली. नियम होता, पण तो कागदावर होता. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा त्या पाटीशी काहीही संबंध नव्हता.

ही गोष्ट परदेशातील आणि जुनी म्हणून आपण सोडून देऊ शकत नाही. आपल्या महाराष्ट्रात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यातील जुना बाजार चौकात जाहिरात फलकाचा लोखंडी सांगाडा उतरवला जात असताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला आणि चार जणांचा बळी गेला. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर पडला. त्यात १७ जण मरण पावले आणि अनेक जखमी झाले. त्या फलकाची लांबी आणि उंची प्रत्येकी सुमारे १२० फूट होती. महानगरपालिका जास्तीत जास्त ४० फूट लांब व ४० फूट उंच फलकाला परवानगी देत असे; म्हणजे तो फलक मर्यादेच्या नऊ पट होता. त्याला महानगरपालिकेची परवानगीही नव्हती. वारा मात्र परवानगी विचारत नाही. तो केवळ क्षेत्रफळ पाहतो आणि पाया किती खोल आहे, एवढेच तपासतो.

हे मोठे फलक आणि दुकानावरची लहान पाटी यांत आकाराचा फरक आहे, तत्त्वाचा नाही. म्हणूनच कायदा दोघांचाही विचार करतो. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत पाट्या आणि जाहिरात फलकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. फलक उभारण्यापूर्वी परवानगी घ्यावी, वाऱ्याचा भार हिशेबात धरावा, दारे, खिडक्या व आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटा अडवू नयेत, आणि फलकाची वेळोवेळी देखभाल करावी, अशा गोष्टींचा त्यात विचार आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात तर इमारतीच्या वर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकाला ‘आकाशचिन्ह’ असे सुंदर नाव आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून आकाशचिन्ह उभारता येत नाही, आणि ते किंवा त्याचा एखादा भाग खाली पडला, तर दिलेली परवानगी रद्द होते. गावांसाठीही व्यवस्था आहे. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला दिलेला आहे. तेव्हा नियम नाहीत, अशी तक्रार आपल्याला करता येणार नाही.

येथे कोणी विचारील, “गरीब दुकानदाराने इतके सोपस्कार कसे करावेत? पाटीवरच त्याचे पोट चालते. ती दिसली नाही, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. अभियंत्याला बोलावून पाटी टांगण्याइतके पैसे त्याच्याजवळ कोठून येणार?” हा प्रश्न खोटा नाही आणि तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. ज्याचे भांडवल पाच-दहा हजारांचे, त्याला शे-दोनशेही जड जातात. परंतु सुरक्षितपणा नेहमी महागच असतो, हा समज चुकीचा आहे. भिंतीला सपाट लावलेली पाटी टांगलेल्या पाटीपेक्षा स्वस्त पडते. पाटी बाहेर काढायचीच असेल, तर ती लहान व हलकी ठेवता येते. दोन बोल्टांतील अंतर वाढवायला पैसे पडत नाहीत, समज लागते. विटेच्या भिंतीत लाकडाचा तुकडा ठोकून त्यात स्क्रू पिळण्यापेक्षा बोल्ट आरपार काढून त्याच्या मागे लोखंडी पट्टी दिली, तर खर्च थोडा वाढतो, पण आयुष्य अनेक पटींनी वाढते. पावसाळ्यापूर्वी शिडी लावून गंज पाहणे, ढिला नट आवळणे आणि रंगाचा एक हात देणे, हे तर घरच्या घरी करण्यासारखे काम आहे. शेतकरी मृगाआधी घराची कौले शाकारतो. दुकानदाराने त्याच सुमारास आपली पाटी तपासावी. आणि पंचायतीनेही केवळ नोटीस न बजावता, जाणता गवंडी किंवा लोहार बरोबर देऊन त्याला साहाय्य करावे. नियम हा धाक म्हणून आला, की लोक पळवाट शोधतात; तो मदत म्हणून आला, की लोक त्याला घरात घेतात.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पाटीवर काय लिहावे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात सुधारणा करून दुकानांचे नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असावेत आणि ती अक्षरे इतर लिपींतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ठरवले. आपल्या भाषेचा मान राखला जातो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पाटीवरील अक्षरांकडे जितके लक्ष जाते, तितके पाटीमागील बोल्टाकडे जात नाही. अक्षरे सर्वांना दिसतात. बोल्ट कोणालाच दिसत नाही. आणि माणसाच्या प्रामाणिकपणाची कसोटी जे दिसत नाही, त्यातच लागते. ज्याने न दिसणारा बोल्ट चांगला बसवला, त्याने आपल्या गिऱ्हाइकाशीच नव्हे, तर कधीही न भेटणाऱ्या वाटसरूशीही सचोटीचा व्यवहार केला.

माझ्या मते, सगळ्या नियमांच्या मुळाशी हेच एक साधे तत्त्व आहे. जमीन दुकानदाराची असते, भिंत त्याची असते. पण रस्ता सर्वांचा आणि रस्त्यावरचे आकाशही सर्वांचे. जो आपली पाटी त्या आकाशात पुढे काढतो, तो सर्वांच्या मालकीची जागा उसनी घेतो. उसने घेतलेले भांडे आपण जपून वापरतो, तसाच काळजीपूर्वक वापर या जागेचाही झाला पाहिजे. यात्रेच्या गर्दीत आईचे बोट धरून चालणारे मूल खेळण्यांकडे पाहते, जिलेबीकडे पाहते. डोक्यावरच्या पाटीचे बोल्ट तपासत ते चालत नाही, आणि त्याने तसे चालावे, अशी अपेक्षाही कोणी करू नये. ते मूल निर्धास्त आहे, कारण त्याने आपल्या सर्वांवर विश्वास टाकला आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या दुकानदार होईल, कोणी कारागीर, कोणी अभियंता, तर कोणी ग्रामपंचायतीचा सदस्य. एखादी पाटी झुकलेली दिसली, तिची तार तुटलेली दिसली, तर आजही तुम्ही एक काम करू शकता. तिच्याखाली उभे राहू नका, तिला हात लावू नका. दुकानदाराला नम्रपणे सांगा, आणि त्याने ऐकले नाही, तर शिक्षकांना किंवा घरातील मोठ्या माणसांना सांगा. त्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. अपघात झाल्यावर हळहळणारे पुष्कळ असतात. अपघाताच्या आधी बोलणारा एक असला, तरी पुरे.