नाकाचा पडदा आणि पाचटाचा धूर

दिवाळी सरून बारडोलीच्या आसमंतात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की कपाळ जड झाल्याची, गाल ठणकत असल्याची आणि खाली वाकताच डोके भरून येत असल्याची तक्रार घरोघर ऐकू येऊ लागते. आणि तिचा फैसलाही ‘नाकाचे हाड वाढले आहे’ या एका वाक्यात बहुधा तत्काळ होऊन जातो. या उतावीळ निर्णयाविषयी मला मनापासून चिंता वाटते.

ज्याला लोक ‘हाड’ म्हणतात तो दोन नाकपुड्यांमधील पडदा पुढे कूर्चेचा व मागे अस्थीचा असतो. जन्मसमयीचा दाब, बालपणीचा मार अथवा वाढीतील विषमता यांमुळे तो कलतो, आणि तो अगदी सरळ असलेली माणसे अल्पसंख्यच आढळतात. गाल, कपाळ, डोळ्यांमधील भाग व कवटीचा तळ येथे हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असून, त्यांच्या अस्तरातील सूक्ष्म रोम तेथील श्लेष्म अहोरात्र नाकात लोटीत असतात. गालाच्या पोकळीचे द्वार तळाशी नसून वरच्या अंगास आहे, म्हणून तेथला श्लेष्म आपोआप निथळत नाही, रोमांना तो चढवून न्यावा लागतो. आणि हे द्वार, कपाळाच्या पोकळीचे द्वार व डोळ्यांमधील पुढच्या कप्प्यांची द्वारे, ही सारी नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील मधल्या शुक्तिकेखालच्या (शिंपल्यासारख्या उंचवट्याखालच्या) एकाच अरुंद वाटेवर उघडतात. पडद्याचा बाक नेमका त्या उंचीवर असला, तर तो शुक्तिकेला बाहेर रेटतो, वाट आवळली जाते, साध्या पडशाची सूजही ती बुजविण्यास पुरते, आणि कोंडलेल्या श्लेष्मात जंतू माजतात. बाक पुढे, नाकपुडीच्या मुखाशी असला, तर श्वास अडेल. परंतु पोकळ्यांच्या विकाराचे खापर त्याच्या माथी फोडणे न्याय्य नव्हे.

चौकशीवाचून केलेली शेतसाऱ्याची आकारणी मान्य नाही, असे 1928 साली याच तालुक्यातील खातेदारांनी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सरकारला बजावले, आणि सरकारने नेमलेले चौकशी अधिकारी ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांनी गावोगाव फिरून तपास केला तेव्हा 22 टक्क्यांची वाढ 6 टक्क्यांच्या आसपास उतरली. नाकाच्या बाबतीतही दुर्बिणीची तपासणी, आणि शस्त्रक्रिया योजावयाची असल्यास सीटी स्कॅन, एवढी चौकशी मागण्याचा रुग्णास पूर्ण अधिकार आहे.

त्या चौकशीत धुराचीही साक्ष घ्यावी. खानदेशातून व डांगमधून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस आलेले मजूर येथे पडावावर, म्हणजे तात्पुरत्या तळावर, हंगामभर उघड्यावर राहतात. त्यांच्या बायका पहाटे लाकूडफाटा व पाचट पेटवून भाकरी भाजतात आणि दिवसभर उसाची धूळ हुंगीत मोळ्या बांधतात. धूर अस्तराला सूज आणतो व रोमांची गती मंद करतो. पडदा सरळ असलेल्यासही त्याची झळ चुकत नाही, मग वाकडा असलेल्याची कथा काय! केवळ पडदा सरळ करून अशा बाईस पुन्हा त्याच चुलीपुढे बसविणे हा अर्धामुर्धा उपचार होय.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. भग्न नासिका शलाकेने सरळ करून आत नळ्या बसविण्याचा विधी सुश्रुतसंहितेतही सांगितलेला आहे, आणि आजचे शल्यविशारद कूर्चा शक्य तितकी राखून पडदा सरळ करतात. परंतु पोकळ्यांचा विकार 12 आठवड्यांहून अधिक टिकला, उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुऊन व वैद्याने दिलेला फवारा नियमाने घेऊनही उतरला नाही, आणि बाक वाटेच्या आड येत असल्याचे तपासणीत दिसले, तरच त्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार करावा. नाक मोकळे करणारे थेंब आठवड्याहून अधिक काळ घालू नयेत, त्यांनीच पुढे नाक अधिक चोंदते. आणि डोळ्याभोवती सूज आली किंवा दृष्टी अंधुक झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

ज्या कारखान्यांचे गाळप या मजुरांच्या कोयत्यावर चालते, त्यांनी येत्या हंगामापूर्वी प्रत्येक पडावावर धूररहित चुलीची अथवा गॅसची व्यवस्था करावी, अशी माझी त्यांच्या संचालकांना आग्रहाची विनंती आहे.